मनगट वाकडं राहिलं, तर दोष कुणाचा?

मागच्या वर्षावासात तुमसर तालुक्यातल्या एका वस्तीत विहारात बैठक होती. बैठक संपल्यावर चहा वाटायला जी पोरं पुढे झाली, त्यात बारा वर्षांचा एक मुलगा होता. तो सगळ्यांना डाव्या हाताने कप देत होता. आम्ही उजवा हात पाहायला मागितला, तर तो लाजला. मनगट अंगठ्याच्या बाजूला कललेलं, करंगळीच्या बाजूला हाडाचं टोक उंचवट्यासारखं वर आलेलं. आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "अडीच वर्सं झाली भाऊ. धुऱ्यावरून घसरला होता. पलस्तर केलं होतं. हड्डी जुडली, असं सांगतलं त्यायनं."

हड्डी जुडली होती हे खरं होतं. पण हाडाची वाढ थांबली होती. हाड जुडणं वेगळं आणि वाढत्या मुलाचं हाड पुढे वाढत राहणं वेगळं, हे त्या माउलीला अडीच वर्षांत एकानेही सांगितलं नव्हतं. त्या वस्तीत आम्ही सात वर्षं जातो. आम्हीही सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाही माहीत नव्हतं.

काही मित्र विचारतील, की अत्याचार, आरक्षण, संविधान हे विषय सोडून मनगटाच्या हाडावर लेख कशाला? हे काम डॉक्टरांचं. आमचं म्हणणं उलट आहे. आपल्या वस्त्यांमधली माणसं हाताने कमावतात. रोवणी हाताची, धानाची पोती हाताची, बिडी हाताची, मॅंगनीजच्या खाणीतलं काम हाताचं, आणि शाळा शिकून पुढे जायचं तर पेनही हातातच धरायचा. ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, ओळख नाही, त्याच्याकडे भांडवल म्हणून दोन मनगटंच असतात. त्यातलं एक नवव्या वर्षी निकामी होत असेल, तर तो सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे.

आधी विषय समजून घेऊ

लहान मुलाच्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढीची पट्टी म्हणू. हाडाची लांबी याच पट्टीतून वाढते. वय वाढत जातं तशी ती हाडात रूपांतरित होऊन बंद होते. मनगटाजवळची पट्टी मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ या वयात बंद होते. त्यानंतर हाड लांब होत नाही.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. रेडियसच्या एकूण वाढीपैकी पाऊण हिस्सा किंवा थोडी जास्तच वाढ मनगटाजवळच्या पट्टीतून होते. म्हणजे मनगटाजवळची पट्टी दुखावली, तर त्या हाडाच्या वाढीचा मुख्य कारखानाच बंद पडू शकतो. शेजारचं अल्ना मात्र वाढतच राहतं. एक हाड थांबलेलं, दुसरं वाढतंय. मग हात आखूड हाडाच्या बाजूला कलतो, लांब हाडाचं टोक वर येतं, पकड कमी होते, मनगट दुखू लागतं. त्या मुलाचं हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. मोठा माणूस हातावर पडला की पुष्कळदा मनगटाचे बंध ताणले जातात, त्याला आपण 'मुरगळलं' किंवा 'लचक भरली' म्हणतो. लहान मुलात हे गणित उलटं असतं. त्याचे बंध मजबूत आणि वाढीची पट्टी नाजूक. ज्या झटक्याने मोठ्याचं मनगट मुरगळतं, त्याच झटक्याने मुलाची पट्टी सरकू शकते. म्हणून लहान मुलाचं मनगट सुजलं, त्या जागी बोट लावू देत नाही, हात वापरत नाही, तर 'मुरगळलं असेल' असं घरातल्या घरात ठरवू नये. तेल-हळद लावून आठ दिवस वाट पाहू नये.

टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ साली अशा मोडींचे पाच प्रकार मांडले. आजही जगभर तेच वापरतात. पहिल्या प्रकारात मोड फक्त पट्टीतून जाते. दुसऱ्यात पट्टीतून जाऊन हाडाच्या दांड्याचा तुकडा घेते. मनगटाजवळ हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. तिसऱ्यात मोड पट्टीतून सांध्याकडे जाते. चौथ्यात पट्टी आरपार चिरून सांध्यापर्यंत पोचते. पाचव्यात पट्टी चिरडली जाते. पहिल्या आणि पाचव्या प्रकारात एक्स-रे अगदी चांगला दिसू शकतो, कारण कूर्चा एक्स-रेमध्ये हाडासारखी उमटत नाही, ती काळ्या रेघेसारखी मोकळी जागा दिसते. म्हणून 'एक्स-रेत काही नाही' असं ऐकलं तरी मुलाला नेमकं पट्टीवर दाबल्यावर दुखत असेल, तर चांगला डॉक्टर ती मोड समजूनच हात बांधतो आणि आठवड्याने पुन्हा बोलावतो.

उपचार काय असतो

हाड जागेवरून सरकलं नसेल, तर प्लास्टर किंवा आधारपट्टी पुरते. साधारण तीन-चार आठवडे. मुलांची हाडं लवकर जुळतात.

हाड सरकलं असेल, तर ते बसवावं लागतं. पण ते मुलाला धरून, चौघांनी दाबून, हिसका मारून बसवायचं नसतं. वेदना थांबवून किंवा भूल देऊन, हळूच ताण देत, शक्यतो एकाच प्रयत्नात बसवायचं असतं. प्रत्येक जोरकस हिसक्याला ती नाजूक पट्टी हाडावर घासते. जितके प्रयत्न जास्त, तितका वाढ थांबण्याचा धोका जास्त.

तिसरा आणि चौथा प्रकार वेगळा. मोड सांध्यापर्यंत गेलेली असते, तिथे तंतोतंत जागेवर यावं लागतं, आणि त्यासाठी पुष्कळदा ऑपरेशन करून बारीक तारा घालाव्या लागतात. पट्टीतून तार न्यायचीच असेल तर ती गुळगुळीत असावी लागते, आट्याचे स्क्रू पट्टीतून नेत नाहीत.

बसवलेलं हाड प्लास्टरच्या आत पुन्हा सरकू शकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात परत एक्स-रे काढतात. आणि सात ते दहा दिवस उलटून गेल्यावर पट्टी जुळायला सुरुवात झालेली असते. त्यानंतर ती पुन्हा हलवली तर फायद्यापेक्षा नुकसान मोठं होतं. अशा वेळी मूल लहान असेल तर राहिलेला बाक तसाच ठेवून वाट पाहणं हाच पुष्कळदा योग्य उपचार असतो, कारण मनगटाजवळचं हाड वाढता वाढता स्वतःला सरळ करून घेतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलात वीस अंशांपर्यंतचा बाक सहसा भरून निघतो. पिळा पडलेला मात्र आपोआप सुटत नाही.

आता शेवटचा टप्पा, जो आपल्या वस्तीपर्यंत पोचतच नाही. हाड जुळल्यावर, प्लास्टर निघाल्यावर, सहा महिन्यांनी आणि वर्षाने मुलाला पुन्हा दाखवायचं असतं. पट्टी उघडी आहे का, हाड वाढतंय का, हे दोन्ही मनगटांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहतात. रेडियसच्या पट्टीची मोड झालेल्या शंभर मुलांत साधारण चार-पाच मुलांची वाढ थांबते. अल्नाच्या पट्टीची मोड कमी वेळा होते, पण झाली तर वाढ थांबण्याचं प्रमाण काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत गेलेलं आहे. वाढ थांबल्याचं लवकर कळलं, तर लहान ऑपरेशनमध्ये भागतं. पट्टीतला अडथळा काढता येतो, किंवा दुसऱ्या हाडाची वाढ वेळेत थांबवून दोन्हींची लांबी जवळपास ठेवता येते. उशीर झाला की हाड कापून लांब करण्यापर्यंत गोष्ट जाते.

एवढं समजून घेतल्यावर आता त्या मुलाकडे परत जाऊ.

पहिला आरोपी: आई

मुलगा पडला तेव्हा रोवणीचे दिवस होते. आईबाप दोघंही बांधीत. संध्याकाळी हात सुजलेला पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने हिसका देऊन बसवलं, वरून लेप लावला, बांबूच्या कामट्या लावून बांधलं. तीन दिवसांनी पुन्हा ओढलं. बाराव्या दिवशीही हात वाकडाच दिसला, तेव्हा एका सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे पुन्हा ओढून प्लास्टर घातलं. पाच आठवड्यांनी प्लास्टर कापलं आणि 'झालं' म्हणून घरी पाठवलं. परत कधी यायचं, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सोयीचा निष्कर्ष असा, की आई अडाणी, अंधश्रद्ध. आपल्यातलेच शिकलेले लोक हे बोलताना आम्ही ऐकले आहेत. आम्ही तिला विचारलं, "बाई, आधीच दवाखान्यात का नाही नेलं?" तिने हिशोब सांगितला. दवाखान्यात जायचं म्हणजे दोघांपैकी एकाची रोजी बुडणार. तिथे हाडाचा डॉक्टर असेलच असं नाही. नसेल तर भंडारा, आणि भंडाऱ्याहून नागपूर. प्रत्येक टप्प्यावर गाडीभाडं, एक दिवस, आणि 'उद्या या'. हाड बसवणारा गावात आहे, रात्रीही भेटतो, पैसे उधार ठेवतो आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बोलतो.

हा हिशोब अडाणी माणसाचा नाही. ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला होता. चांगल्या उपचारांची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी मिळतात, आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हाती जाते तितका हा उलटा न्याय वाढतो. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या माणसाने हे लिहिलं. आपल्याकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला खाणी आहेत, त्यामुळे हे समजायला आपल्याला वेल्सला जायची गरज नाही.

आई निर्दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. तिच्याकडे माहिती नव्हती, आणि माहिती नसल्याची किंमत लेकराने दिली. पण माहिती तिच्यापर्यंत नेण्याचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आरोपी: हाड बसवणारा

इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. लहान मुलाच्या मनगटाला हिसका देणं हे चूकच आहे. एक्स-रे नाही, भूल नाही, मोड पट्टीतून गेली की सांध्यात गेली याचा पत्ता नाही. कामट्या घट्ट बांधल्या तर त्याहून भयंकर गोष्ट घडते. सुजलेल्या हाताला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो, स्नायूंना रक्त पोचत नाही. काही तासांत स्नायू मरू लागतात आणि बोटं कायमची पंजासारखी आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी हे १८८१ साली लिहून ठेवलं आहे. कारण तेव्हाही हेच होतं, घट्ट बांधलेला हात. वेळ गेली तर हात कापावा लागतो. त्या मुलाचं नशीब एवढंच, की कामट्या सैल बांधल्या होत्या.

'आमच्या आज्याचा हात यानेच बसवला होता' असं लोक सांगतात. खरंच बसला असेल. बरीच मोडकी हाडं कुणी काहीही न करता जुळतात, आणि लहान मुलाचं तर वाकडं हाडही पुष्कळदा सरळ होतं. जे निसर्गाने केलं त्याचं श्रेय लेपाला मिळतं, आणि जिथे बिघडलं तिथे 'लेकराचं नशीब' म्हणतात. कारण आणि परिणाम यांचा संबंध तपासल्याशिवाय काही मानू नका, हे आपल्याला बुद्धाने सांगितलं आहे. तो नियम गावातल्या वैदूलाही लागू करा आणि शहरातल्या डॉक्टरलाही.

पण हाड बसवणाऱ्याच्या घरावर मोर्चा नेऊन प्रश्न सुटणार नाही. तोही बहुतेक वेळा आपल्यासारखाच गरीब, भटक्या किंवा मागास जातीतला माणूस असतो. व्यवस्थेने सोडलेल्या रिकाम्या जागेत तो उभा आहे. जागा भरली तर तो आपोआप बाजूला होईल. तोपर्यंत त्याच्याशी बोलता येतं. आम्ही एकाशी बोललो. तीन गोष्टी त्याने मान्य केल्या. सोळाच्या आतल्या मुलाचं मनगट, कोपर ओढणार नाही. बोटं निळी किंवा गार दिसली तर पट्टी लगेच सोडणार. मूल आलं की आधी एक्स-रे काढायला पाठवणार. तो शब्द पाळेल की नाही, हे काळच ठरवेल. पण शिव्या देऊन एवढंही झालं नसतं.

तिसरा आरोपी: दवाखाना

बाराव्या दिवशी पुन्हा ओढणं योग्य होतं का? वर लिहिल्याप्रमाणे, बहुधा नाही. पण त्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर काय होतं, किती रुग्ण होते, आधी दोनदा ओढलंय हे आईने सांगितलं होतं का, हे आम्हाला सांगता येत नाही. आणि प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळं पहिल्या दिवशी अचूक झालं असतं, तरी त्या मुलाची वाढ थांबू शकली असती. शंभरातल्या चार-पाचांचं तसं होतंच. म्हणून अमक्यामुळेच मनगट वाकडं झालं, असं बोट दाखवून म्हणणं खोटं ठरेल.

मात्र एक गोष्ट टळण्यासारखी होती, आणि तिथे आम्ही दवाखान्याला सोडणार नाही. वाढ थांबल्याचं अडीच वर्षांनी एका सामाजिक कार्यकर्त्याला चहाच्या कपामुळे कळलं. ते सहा महिन्यांनी एक्स-रेत कळायला हवं होतं. मुलाला आम्ही नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, "दोन वर्षं आधी आणलं असतं तर काम सोपं होतं." प्लास्टर काढताना एक वाक्य बोलायला आणि कागदावर एक तारीख लिहायला किती वेळ लागतो? शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला ती तारीख मिळते, वर आठवण करून देणारा मेसेजही येतो. आपल्या मुलाला 'झालं, जा' मिळतं. योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ज्याला संरचनात्मक हिंसा म्हटलं, ती अशी असते. कुणी काठी उगारत नाही, कुणाला शिवी देत नाही, तरी इजा मोजून विशिष्ट लोकांनाच होते.

आणि हा केवळ मायेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडून जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैशाची कमतरता ही सबब चालणार नाही. २५,००० रुपये भरपाईही मिळाली. ती लढाई एकट्या हकीम शेखने लढली नाही, त्याच्यामागे संघटना होती. हा मुद्दा आपण नीट लक्षात ठेवायला हवा.

उलट बाजूही आहे

उपचार कमी मिळणं ही एक लूट, आणि नको तो उपचार गळ्यात मारणं ही दुसरी. आमच्याच ओळखीतल्या सहा वर्षांच्या एका मुलीचं मनगट दुखावलं. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, 'हाड दबलंय, ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर हात जाईल.' बापाने बायकोची डोरली सोनाराकडे नेण्याची तयारी केली. सुदैवाने दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवला. वाढीची पट्टी शाबूत होती, हाड फक्त एका बाजूने चेपलं होतं. साधी पट्टी बांधली, तीन आठवड्यांत मुलगी शाळेत लगोरी खेळत होती.

अशा चेपलेल्या हाडाबद्दल ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ९६५ मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली 'द लॅन्सेट' मध्ये आले. काही मुलांना कडक आधार, काहींना नुसती मऊ पट्टी. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत दुखणं सारखंच होतं आणि पुढेही फरक पडला नाही. म्हणजे मनगटाची एक दुखापत अशी, की तिथे पट्टी पुरते, आणि दुसरी अशी, की तिथे वर्षभर नजर ठेवावी लागते. दोन्हींत फरक करणारं ज्ञान ज्याच्याकडे नाही, त्याला एक जण स्वस्तात बुडवतो आणि दुसरा महागात.

'शिका' या शब्दाचा अर्थ आपण फक्त डिग्रीपुरता ठेवला आहे. आमची स्वतःची समाजशास्त्राची एम.ए. आहे, आणि लहान मुलाच्या हाडात वाढीची पट्टी असते हे आम्हाला पस्तिशीत कळलं.

चौथा आरोपी: आपण

भंडारा जिल्हा आपल्या आठवणीत कशासाठी आहे? १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब इथून उभे राहिले आणि त्यांना हरवलं गेलं म्हणून. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीसाठी. ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बाळं गेली त्यासाठी. या प्रत्येक वेळी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवं होतं. पण ज्या इजेचा आवाज होत नाही, रक्त दिसत नाही, बातमी येत नाही, ती आपल्या अजेंड्यावर येतच नाही. वाकडं मनगट हळूहळू वाकतं. कोणत्याच दिवशी 'आज घटना घडली' असं म्हणता येत नाही, म्हणून निवेदनही कधी निघत नाही.

'हे एनजीओचं काम, यात राजकारण कुठे?' असं एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला सुनावलं. मित्रा, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी खाणीतल्या बाईच्या बाळंतपणाच्या रजेवर, कामाच्या तासांवर कायदे केले. त्यांना ते राजकारणापेक्षा खालचं काम वाटलं नाही. शरीर शाबूत ठेवण्याचा हक्क हा पहिला हक्क आहे, बाकीचे त्यावर उभे राहतात. तुझ्याच गावातला मुलगा उद्या पोलीस भरतीला मैदान मारेल आणि वैद्यकीय तपासणीत मनगटावर अडकेल, तेव्हा तू आरक्षणाच्या कोणत्या कलमाने त्याला आत नेणार आहेस?

मग करायचं काय

आम्ही ठरवलेली कामं इथे देतो. यातलं जमेल ते आपापल्या वस्तीत सुरू करा.

१. विहारातल्या रविवारच्या वर्गात एकदा हे सांगा: मूल हातावर पडलं, मनगट सुजलं, हात वापरत नाही, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी एक्स-रे. ओढायचं नाही, चोळायचं नाही. जाडसर पुठ्ठा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र खाली लावून सैल बांधायचं, हात गळ्यात अडकवायचा. बांगड्या, काळा दोरा, करगोट्यासारखं हाताला बांधलेलं काहीही सूज चढण्याआधी काढायचं. जखम होऊन हाड उघडं पडलं असेल तर १०८ ला फोन.

२. प्लास्टर घातल्यावर पहिले दोन दिवस हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवायला लावा. बोटं गार, निळी किंवा बधिर झाली, बोट सरळ करताना मूल किंचाळलं, औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि प्लास्टर सैल करून घ्या. सकाळची वाट पाहू नका.

३. डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला आईबापांना शिकवा. मोड वाढीच्या पट्टीत आहे का? हाड सरकलंय का? पुढचा एक्स-रे कोणत्या तारखेला? वर्षभराने परत यायचं का? तारीख कागदावर लिहून मागा. एक्स-रे आणि केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. आधी कुणी हात ओढला असेल तर न लाजता सांगा.

४. पैशाच्या भीतीने थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या, उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे चौकशी करा. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. खाजगीत ऑपरेशन सांगितलं आणि हातात जखम नाही, बोटं बधिर नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. आठवडा घालवू नका.

५. वस्तीत एक वही ठेवा. कोणत्या मुलाला कधी प्लास्टर घातलं, पुढची तारीख कोणती. तारखेच्या आदल्या दिवशी एकाने घरी जाऊन आठवण करायची. रोवणी-कापणीत आईबापाला जमत नसेल तर कार्यकर्त्याने मुलाला घेऊन जायचं. आम्ही ही वही चालू केली आहे. सध्या तिच्यात अकरा नावं आहेत.

६. प्रशासनाकडे मागणी करा. तालुका पातळीवर हाडांच्या डॉक्टरांचा ठरलेला वार दवाखान्याच्या फलकावर लागावा. सुट्टीच्या दिवशीही एक्स-रे निघावा. प्लास्टर काढताना मुलाच्या कागदावर सहा महिन्यांची आणि वर्षाची तारीख लिहिली जावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत मुलं तपासतात. त्यांनी दोन्ही हात समोर धरायला लावून मनगटं सारखी आहेत का एवढं पाहावं. त्याला अर्धा मिनिट लागतो. निवेदन द्या, रुग्ण कल्याण समितीत विषय लावा, उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारा.

शेवटी

बुद्धाने सांगितलेली बाणाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, आधी सांगा बाण कुणी मारला, कोणत्या जातीचा होता, धनुष्य कशाचं होतं, मगच बाण काढू देईन. तो उत्तर मिळण्याआधीच मरून जाईल. आम्हीही या लेखात चार आरोपी उभे केले. दोष वाटून घेता घेता त्या मुलाचा हात मात्र तसाच राहिला, असं व्हायला नको. आधी बाण काढायचा. आणि तो काढल्यावर मारणाराही शोधायचा, कारण पुढचा बाण दुसऱ्या मुलाला लागणार आहे.

त्या मुलाचं ऑपरेशन ठरलं आहे. हात पूर्ण पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "पेन तं धरता येईल ना भाऊ?" येईल, असं डॉक्टर म्हणाले. तो आता डाव्या हाताने लिहायला शिकला आहे. अक्षर चांगलं आहे. पण त्याला ते शिकावं लागू नये, एवढीच आमची मागणी होती, आणि ती अडीच वर्षं उशिरा झाली.

तुमच्या वस्तीतल्या मुलांना या रविवारी दोन्ही हात समोर धरायला सांगा. नीट पाहा.

जय भीम.